ज्ञानखेळांतील प्रश्नांचे वर्गीकरण : एक चिकित्सा

सामान्यज्ञानाच्या पटावरील खेळांचे परीक्षण करताना प्रश्नाचे उत्तर अचूक आहे की नाही, एवढेच बहुधा पाहिले जाते. प्रश्न योग्य वर्गात पडला आहे किंवा नाही, ही बाब गौण मानली जाते. ही समजूत टिकण्यासारखी नाही. १९७९ साली कॅनडात कल्पिलेल्या ‘ट्रिव्हिअल पर्स्यूट’ या खेळाच्या मूळ योजनेत भूगोल, मनोरंजन, इतिहास, कला व साहित्य, विज्ञान व निसर्ग आणि क्रीडा व विरंगुळा असे सहा वर्ग असून प्रत्येकास स्वतंत्र रंग आहे. खेळाडू सहाही रंगांच्या पाचरी जमवितो आणि अखेरीस पटाच्या मध्यावर पोचला म्हणजे त्याचा वर्ग प्रतिस्पर्धी निवडतात. तेव्हा कोणते ज्ञान पणास लागणार, याविषयी खेळाडूस दिलेले वचन असे वर्गाचे स्वरूप ठरते.

हे वचन कसे मोडते, ते एखाद्या लहान परिसरावर प्रश्न रचून पाहिल्यास स्पष्ट होते. सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील टेंभुर्णीचा परिसर त्यासाठी घेता येईल. टेंभुर्णीजवळ उजनीचे धरण आहे. ते कोणत्या नदीवर आहे, हा प्रश्न निःसंशय भूगोलाचा. परंतु त्याच्या जलाशयास कोणाचे नाव दिले आहे, हा प्रश्नही धरणाचा उल्लेख असल्यामुळे भूगोलातच टाकला जाण्याचा संभव असतो. यशवंतराव चव्हाण हे त्याचे उत्तर राजकीय इतिहासाच्या अभ्यासकास सुचेल; भीमा नकाशावर दाखविणाऱ्यास ते सुचेलच असे नाही. त्याच जलाशयावर उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांचा गुलाबी रंग कशामुळे येतो, याचे उत्तर त्यांच्या आहारातील रंगद्रव्यांत असून तो प्रश्न विज्ञानाचा होय. स्थळ एक, वर्ग तीन. प्रश्नात आलेल्या नामावरून वर्ग ठरविणे, हे या दोषाचे मूळ आहे.

याहून गंभीर प्रकार त्याच जिल्ह्यातील मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांविषयी संभवतो. दुष्काळात त्यांनी सरकारी धान्याची कोठारे लोकांस खुली केली आणि विठ्ठलाने सेवकाच्या रूपाने बिदरच्या दरबारी त्या धान्याचे मोल भरले, अशी कथा महीपतींच्या १७६२ मधील ‘भक्तविजया’त आहे. ‘दामाजीपंतांची रक्कम कोणी भरली?’ असा प्रश्न इतिहासाच्या रंगात छापला, तर श्रद्धेची कथा घटना म्हणून पुढे केली जाते. उत्तर तेच राहते. त्याच्या सत्यतेविषयीचा दावा मात्र बदलतो. उलट, दामाजीपंतांचा सर्वच विषय साहित्यात ढकलणे हाही अन्याय होईल. कारण दुष्काळ आणि राजसत्तेचा धान्यसाठा हे इतिहासाचे विषय आहेत. येथे रंग बदलून भागत नाही. ‘भक्तविजयातील कथेनुसार’ एवढे शब्द प्रश्नातच घालावे लागतात.

ज्ञानाच्या शाखा परस्परांत मिसळलेल्या असल्यामुळे निर्दोष वर्गीकरण अशक्य आहे, असा आक्षेप यावर येईल. तो अंशतः मान्य करावा लागतो. श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे पहिले पाच प्रस्तावनाखंड विषयवार आहेत आणि पुढील लेखन अकारविल्हे आहे. अकारविल्हे क्रम ज्ञानाच्या स्वरूपाविषयी काहीच सांगत नाही, म्हणून त्यात असे वचनही मोडत नाही. शिवाय कोशाचा वाचक हव्या त्या पानावर जाऊ शकतो. खेळाडूस ती मुभा नाही. त्याच्या पत्त्यावर एका प्रश्नास एकच रंग असतो. म्हणून मिश्र प्रश्न वर्ज्य मानण्याचे कारण नसले, तरी जाहीर केलेल्या शाखेच्या ज्ञानातून उत्तरापर्यंत पोचता आले पाहिजे, एवढी अट घालणे रास्त आहे.

हा केवळ करमणुकीचा विषय आहे, असे म्हणून तो सोडता येत नाही. स्पर्धापरीक्षांच्या प्रश्नसंग्रहांतही अशाच शीर्षकांखाली प्रश्न लावलेले असतात, आणि विद्यार्थी उत्तराबरोबर शीर्षकही स्मरणात ठेवतो. दामाजीपंतांची कथा ‘इतिहास’ या शीर्षकाखाली पाठ केलेल्या विद्यार्थ्यास पुढे साधनचिकित्सा शिकविताना अध्यापकास आधी ते शीर्षक पुसावे लागते. यास्तव प्रश्नकाराने प्रथम उत्तर मांडावे, ते कोणत्या प्रकारच्या पुराव्यावर उभे आहे हे पाहावे, आणि मगच रंग निवडावा.