वाकडी चाल

कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातला जुन्या वळणाचा व्हायोलिनवादक बसून वाजवतो. त्याला उभं केलं तर निम्मं संगीत गळून पडेल. खुर्चीखाली लाकडी फळी असते, पायांत कडक तळाचे बूट. गज तारेला टेकायच्या आधीच पाय सुरू होतात: एक लांब आघात, पाठोपाठ दोन आखूड, पुन्हा लांब. टाच आणि चवडा आलटून पालटून फळीवर पडतात, आणि कंबरेच्या वरचं शरीर मात्र शांत. आज याला ‘पोदोरितमी’ असं भारदस्त नाव आहे. जुनी माणसं नुसतं पाय वाजवणं म्हणत.

फ्रेंच कॅनडाच्या लोकसंगीताची आजची स्थिती तपासायला बसलं की मला या पायांकडेच आधी बघावंसं वाटतं. लांबलचक हिवाळा, स्वयंपाकघरात दाटीवाटीने जमलेली माणसं, सगळ्यांना नाचायचंय आणि वाजवणारा बहुतेक वेळा एकटा. ढोल नाही, साथीदार मिळेलच असं नाही. तालाचा सगळा भार पायांवर. त्यामुळे ही कला घडली ती नाचणाऱ्यांच्या समोर, त्यांच्या दमाचा अंदाज घेत. ऐकायला म्हणून बसलेला श्रोता तिच्या वाट्याला फार उशिरा आला.

गाणी सतराव्या शतकापासून फ्रान्समधून आलेल्या वसाहतकारांनी आणली. 1763 मध्ये हा मुलूख इंग्रजांकडे गेला, त्यामागून स्कॉटिश माणसं आली. 1847 मध्ये आयर्लंडमधल्या दुष्काळामुळे आयरिश कुटुंबं जहाजं भरभरून ग्रोस-ईल बेटावर उतरली. त्यांच्या ‘रील’ नावाच्या नाचाच्या चाली इथल्या व्हायोलिनवर चढल्या आणि इथल्याच होऊन गेल्या. चर्चला हे नाचगाणं कधी रुचलं नाही. रोझ लात्युलिप नावाची मुलगी उपवासपर्व सुरू व्हायच्या आदल्या रात्री एका देखण्या परक्याबरोबर नाचते आणि तो सैतान निघतो, ही दंतकथा 1837 मध्ये छापील कादंबरीतही आली. धाक पिढ्यान् पिढ्या होता, आणि तो असतानाही लोक नाचतच राहिले.

पण या संगीताचं खरं वेगळेपण मला चालींत दिसतं. रील म्हणजे ठरावीक मात्रांचे दोन सारखे भाग, दोन्ही दोनदा वाजवायचे, असा आयरिश-स्कॉटिश शिरस्ता. क्वेबेकच्या जुन्या वादकांच्या कितीतरी चाली या मापात बसत नाहीत. कुठे एक मात्रा जास्त, कुठे दीड मात्रा गायब, एक भाग लांब तर दुसरा तोकडा. तिथे अशा चालींना ‘तोर्द्यू’, म्हणजे पिळलेल्या, वाकड्या म्हणतात. बाहेरचा ऐकणारा म्हणतो, वादक चुकला. पण तो दुसऱ्या आवर्तनात त्याच जागी तसाच ‘चुकतो’, तिसऱ्यातही, आणि पायांचा ठेका क्षणभरही डळमळत नाही. चाल वाकडी आणि पाऊल सरळ, या ताणात सगळी गोडी आहे.

हे टिकलं कसं? एक तर बऱ्याच चाली तोंडी शिकल्या जात. व्हायोलिन हातात नसेल तर निरर्थक बोलांत चाल गुणगुणायची, याला ‘त्युर्ल्युत’ म्हणतात, आणि त्यात श्वास संपेल तिथे ओळ संपते. दुसरं कारण नाचात आहे. एकट्याने पायाच्या करामतीत नाचायच्या ‘झीग’मध्ये नाचणारा आघात धरतो, ओळीची लांबी मोजत नाही. त्याला मात्रा वाढल्याची अडचण होत नाही. शिकुतिमीचे लुई ‘पितू’ बुद्रो (1905–1988) हे या जुन्या वळणाचे मोठे वादक. लिसा ऑर्नस्टाइन या अमेरिकन व्हायोलिनवादक-अभ्यासिकेने त्यांच्या संग्रहावर प्रबंध लिहिला. बुद्रो यांचं वादन संथ आणि खडबडीत आहे, आणि मला ते आजच्या कितीतरी चकचकीत ध्वनिमुद्रणांपेक्षा जवळचं वाटतं.

‘रील द्यु पाँद्यू’, फाशीच्या कैद्याची रील, ही चाल जवळून पाहण्यासारखी आहे. कथा अशी, की कैद्याच्या हाती बेसूर व्हायोलिन दिलं आणि म्हणाले, यावर वाजवून दाखव, तर सुटशील. ती वाजवायला व्हायोलिन खरोखरच वेगळं लावावं लागतं. खालच्या दोन तारा एकेक पूर्ण स्वर चढवायच्या, तिसरी जागच्या जागी, सगळ्यांत वरची दीड स्वराने उतरवायची. चारही मोकळ्या तारा मिळून एकच मेजर कॉर्ड तयार होते, आणि गज कुठेही पडला तरी शेजारची तार आपोआप घुमते. कैद्याने बेसूर वाद्यातला हा सूर हुडकला, अशी ती गोष्ट. मला ती साऱ्या परंपरेची गोष्ट वाटते. हाती आलेल्या वाद्यातून मिळेल तो नाद काढायचा.

अ‍ॅकॉर्डियनचंही तेच. इथलं खास वाद्य म्हणजे एका रांगेत दहा बटणांची छोटी पेटी, वर ओढायच्या चार खुंट्या, डाव्या हाताला खर्जासाठी दोनच पट्ट्या. आपल्या हार्मोनियमचं आणि तिचं मूळ एकच: एकोणिसाव्या शतकातल्या युरोपात हवेवर थरथरणाऱ्या धातूच्या पट्टीपासून दोन्ही वाद्यं निघाली. पण हार्मोनियममध्ये भाता कसाही हलला तरी पट्टीचा स्वर तोच राहतो. इथे भाता दाबला की एक स्वर, त्याच बटणावर भाता ओढला की दुसरा. त्यामुळे चाल वाजवताना हाताला सतत दिशा बदलावी लागते आणि प्रत्येक बदलाला छोटासा झटका बसतो. हा झटका हीच नाचणाऱ्याला मिळणारी उचल. वाद्याची अडचण हाच त्याचा ताल झाला. सेंट लॉरेन्स नदीकाठच्या मोंमान्यी गावात मार्सेल मेसेर्व्हिये हे स्वतः वादक असलेले कारागीर अशा पेट्या घडवत. त्यांच्या ‘मेलोदी’ पेटीला वादकांत मोठा मान आहे. त्या गावात 1989 पासून अ‍ॅकॉर्डियनचा आंतरराष्ट्रीय महोत्सव भरतो.

बाकी वाद्यं घरातलीच: लाकडी चमचे, बरगडीची हाडं, माउथऑर्गन, आणि मोरचंगसारखं दातांत धरायचं ‘बोंबार्द’.

1920 च्या दशकात ग्रामोफोन कंपन्यांनी या स्वयंपाकघरातल्या माणसांना स्टुडिओत नेलं. व्हायोलिनवादक जोझेफ आलार, अ‍ॅकॉर्डियनवादक आल्फ्रेद मोंमार्केत, आणि सगळ्यांत लाडकी मेरी ट्रॅव्हर्स ऊर्फ ‘ला बोल्द्यूक’ (1894–1941). गास्पेझीच्या किनाऱ्यावरच्या गरीब घरातली ही बाई मंदीच्या काळात बेकारी आणि घरखर्चावर स्वतः रचलेली गाणी म्हणे, आणि दोन कडव्यांच्या मध्ये त्युर्ल्युत घेई. प्रतिष्ठित लोकांनी तिच्या भाषेला नाकं मुरडली. सामान्य लोकांनी तबकड्या विकत घेतल्या. ही मुद्रणं झाली नसती तर आपल्याला त्या पिढीचा कान कळलाच नसता. पण तबकडीची मर्यादा तीन मिनिटांची. नाचाला पंधरा-वीस मिनिटं फिरणारी चाल तिथे आखूड आणि नेटकी झाली, आणि पुढच्या पिढ्यांनी तीच मापं खरी मानली.

आलार यांच्या हाताखाली शिकलेले ज्याँ कारिन्याँ (1916–1988) हे या कलेतलं सगळ्यांत मोठं नाव. मॉन्ट्रियलमध्ये टॅक्सी चालवून पोट भरणारा हा माणूस स्कॉटलंडच्या जेम्स स्कॉट स्किनर आणि आयरिश माइकल कोलमन यांच्या तबकड्या ऐकून त्यांची बारीकसारीक नक्षी गजात उतरवत असे. 1974 मध्ये त्यांना ‘ऑर्डर ऑफ कॅनडा’ मिळाला, मॅकगिल विद्यापीठाने सन्माननीय डॉक्टरेट दिली. त्यांची स्वच्छता आणि वेग थक्क करणारे आहेत. तरी मला वाटतं, नंतरच्या अनेकांनी कारिन्याँकडून वेग तेवढा घेतला. त्यांच्या पायांचा भक्कम ठेका घेणारे थोडे निघाले.

सत्तरच्या दशकात हे संगीत एकाएकी तरुणांचं झालं. 1976 मध्ये स्वतंत्र क्वेबेकची मागणी करणारा पक्ष सत्तेवर आला, आणि त्याच वर्षी लानोदियेर भागात ‘ला बोतीन सुरियांत’ हा संच उभा राहिला. नावाचा अर्थ हसरा बूट, म्हणजे तळ सुटून तोंड वासलेला. 1980 च्या सार्वमतात स्वातंत्र्याचा प्रस्ताव पडला आणि ती लाटही ओसरली. राजकारणाच्या खांद्यावर बसून आलेलं प्रेम राजकारणाबरोबरच गेलं. तरी ला बोतीन टिकला, आणि 1990 च्या सुमारास त्याने ट्रम्पेट-ट्रॉम्बोनसारखी पितळी वाद्यं घेतली. शुद्धतावाद्यांना ते खटकलं. मला ते धाडस योग्यच वाटतं, कारण पितळी वाद्यं पायांच्या ठेक्यावर उभी राहिली, ठेका त्यांच्याखाली गाडला गेला नाही.

आजच्या संचांत वादनाची पातळी खूपच वर गेली आहे. ‘ल वाँ द्यु नोर’ (2002 पासून) चाक फिरवून तारा वाजवायचं जुनं फ्रेंच वाद्य घेऊन जगभर फिरतो. तक्रार आहे ती दोन गोष्टींची. पाय आता फळीवरच्या मायक्रोफोनमधून ड्रमसारखे धडधडतात आणि चालीशी त्यांचं बोलणं तुटतं. आणि वाकड्या चाली सरळ केल्या जातात, कारण गिटार-बेसच्या साथीला आणि वेगळ्या गावच्या श्रोत्याला सम मापं सोपी. हे नुकसान कुणाच्या लक्षातही येत नाही.

गाण्यांत असमतोल आणखी मोठा आहे. एकाने ओळ म्हणायची आणि सगळ्यांनी झील धरायची, ही गाणी रंगमंचावर हमखास रंगतात, म्हणून तीच ऐकू येतात. त्यातही सामान्य श्रोत्याच्या कानी ती नाताळ-नववर्षाच्या आठवड्यातच पडतात. लांब, संथ, साथीशिवाय म्हणायची ‘काँप्लँत’, बुडालेल्या नावाड्यांची किंवा मनाविरुद्ध लग्न झालेल्या बायकांची कथनगीतं, ही मार्युस बार्बो आणि ल्यूक लाकूर्सियेर यांच्यासारख्या संग्राहकांनी हजारोंनी जमवली, पण ती म्हणणारे थोडे. ‘गालाँ, त्यु पेर तों ताँ’ या पाच स्त्रियांच्या संचाने बायकांच्या बाजूची गाणी नुसत्या कंठाने आणि पायांच्या साथीने पुन्हा उभी केली, तेव्हा या भांडाराची खोली जाणवली.

तरी मॉन्ट्रियलमध्ये, लानोदियेरमधल्या जोलियेतमध्ये अजून नाचाच्या रात्री भरतात. तिथे चौकोन करून उभ्या राहिलेल्या आठ जणांना पुढचं पाऊल ओरडून सांगणारा एक ‘कॉलर’ असतो. कुणी म्हातारी बाई वळणात मागे पडली, तर तो व्हायोलिनवादकाकडे बघतो. वादक टाच थोडी जड टाकतो, ठेका अर्ध्या पावलाने संथ होतो, आणि ती बाई आपल्या जागी पोचते.