एच.आय.व्ही. संक्रमणातील जैविक घटक : एक चिकित्सक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
एच.आय.व्ही. संक्रमणाविषयीच्या अध्यापनपर लेखनात जैविक घटकांची यादी ठरलेली असते : रक्तातील विषाणूभार, संसर्गाची अवस्था, अन्य लैंगिक आजार, सुंता, आनुवंशिकता. ही यादी चुकीची नाही; मात्र तीत सर्व घटक एकाच ओळीत मांडले जातात आणि कोणत्या घटकाचे महत्त्व किती, हा प्रश्न अनुत्तरित राहतो.

विवेचन :
लैंगिक आजारांचे उदाहरण बोलके आहे. टांझानियातील म्वांझा येथील चाचणीत (१९९५) या आजारांवरील सुधारित उपचारांमुळे नवे संसर्ग सुमारे ४० टक्क्यांनी घटले. युगांडातील राकाई येथे सामूहिक उपचारांच्या चाचणीत (१९९९) मात्र तसा परिणाम आढळला नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हर्पिसवर असायक्लोविर देऊनही जोडीदारास होणारे संक्रमण कमी झाले नाही. म्हणजेच एखादा घटक संक्रमणासोबत आढळतो, एवढ्यावरून तो दूर केल्यास संक्रमण थांबेलच, असा निष्कर्ष काढता येत नाही. सुंतेमुळे स्त्रीकडून पुरुषास होणाऱ्या संक्रमणाचा धोका निम्म्याहून अधिक घटतो, हे २००५ ते २००७ या काळातील आफ्रिकी चाचण्यांनी दाखविले. परंतु स्त्रियांना तसे थेट संरक्षण मिळते, हे सिद्ध झालेले नाही.

विषाणूभाराची गोष्ट वेगळी आहे. राकाई येथील ४१५ जोडप्यांच्या अभ्यासात (२०००), बाधित जोडीदाराच्या रक्तात प्रति मिलिलिटर १५०० पेक्षा कमी विषाणू-प्रती असताना एकही संक्रमण नोंदले गेले नाही. पुणे येथील केंद्राचाही सहभाग असलेल्या बहुराष्ट्रीय चाचणीत (२०११) लवकर सुरू केलेल्या औषधोपचारांनी जोडीदारास होणारे संक्रमण ९६ टक्क्यांनी घटविले. विषाणूभार दबलेला असताना लैंगिक संबंधांतून संक्रमण होत नाही, यास २०१६ व २०१९ च्या युरोपीय अभ्यासांनी पुष्टी दिली. स्तनपानाबाबत मात्र धोका अत्यल्प असला तरी शून्य मानता येत नाही, ही मर्यादा ध्यानात घ्यावयास हवी.

निष्कर्ष :
घटकांची क्रमवारी न लावता केलेली मांडणी केवळ शास्त्रीयदृष्ट्या अपुरी ठरत नाही. नियमित उपचार घेणाऱ्या व्यक्तीकडेही कायमचा धोका म्हणून पाहण्याची वृत्ती तीतून पोसली जाते. भारतात २०१७ च्या कायद्याने बाधितांविरुद्धच्या भेदभावास प्रतिबंध केला आहे. परंतु कायद्याने बंद केलेले दार अध्यापनातील शिथिलतेमुळे पुन्हा किलकिले होऊ शकते. म्हणूनच वर्गात घटकांची नावे सांगण्याबरोबरच त्यांचे पुराव्यानिशी मूल्यमापन होणे अगत्याचे आहे.