विमानतळ : देवडी आणि ओसरी

पुस्तक, नाटक किंवा चित्र यांचें परीक्षण करण्याची रीत आपल्याकडे आतां चांगली रुजली आहे. परंतु ज्या वास्तूंतून आपण वावरतों त्यांकडे टीकाकाराच्या दृष्टीनें पाहण्याची संवय अद्याप आपल्याला लागलेली नाहीं. एखादी वास्तु पडली, गळूं लागली किंवा तिच्या खर्चाचा बोभाटा झाला, म्हणजेच काय ती तिची चर्चा होते. ती वास्तु माणसाला कसें वागविते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखांत आम्ही तो विमानतळासंबंधीं विचारूं इच्छितों. नाशिकांतील कितीतरी सुशिक्षित घरांतील मुलगा किंवा मुलगी आज परदेशीं आहे. तेव्हां हा विषय वाचकांना परका वाटूं नये.

परीक्षणाला कसोटी लागते. ती उसनी आणण्याचें कारण नाहीं. जुन्या नाशिकांत जे वाडे अद्याप उभे आहेत त्यांच्या दारांतच ती सांपडते. वाड्याचा मोठा दरवाजा सहसा बंद असे, आणि त्यांतील लहानशा दिंडीनें वाकून आंत जावें लागे. आंत शिरतांच देवडी लागे. तेथें पहारेकरी बसे आणि येणाऱ्याचें नांव-गांव विचारी. पण देवडी ओलांडली कीं चौक, आणि चौकालगत ओसरी. आलेला पाहुणा तेथें टेके, पाणी घेई. आणि निघणाऱ्याच्या हातावर दहीं पडे तेंहि तेथेंच. म्हणजे संशय आणि सत्कार या दोहोंनाहि वाड्यांत आपापली जागा होती, आणि एका जागेनें दुसरीला हुसकावून लावलें नव्हतें. आमचें म्हणणें थोडक्यांत सांगावयाचें तर तें हेंच, कीं आजच्या विमानतळांवर देवडी भरभक्कम झाली आहे आणि ओसरी नाहींशी झाली आहे.

देवडी कां वाढली हें न समजतां तिला नांवें ठेवणें अन्यायाचें होईल. १९३२ च्या १५ ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून टपाल घेऊन आपलें लहानसें विमान जुहूला उतरविलें, तेव्हां विमानतळ म्हणजे एक मोकळें मैदान होतें. पुढें कित्येक वर्षें विमानांत चढणें हें आगगाडींत चढण्याहून फारसें निराळें नव्हतें. १९७१ च्या जानेवारींत श्रीनगरहून जम्मूला निघालेलें ‘गंगा’ नांवाचें विमान लाहोरला पळवून नेण्यांत आलें. अमेरिकेंत अशा प्रकारांना ऊत आल्यावर १९७३ च्या जानेवारीपासून तेथें प्रत्येक उतारूची झडती सक्तीची झाली. १९९९ च्या डिसेंबरांत काठमांडूहून दिल्लीला येणारें विमान कंदाहारला नेलें गेलें, आणि २००० सालापासून आपल्या विमानतळांचा पहारा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे येऊं लागला. आरंभ जयपूरपासून झाला. २००६ सालीं लंडनहून निघणाऱ्या विमानांत द्रव स्फोटकें नेण्याचा कट उघडकीस आला, आणि त्याचा परिणाम म्हणून हातांतल्या पिशवींतील लोणच्याच्या बरणीलाहि १०० मिलिलिटरची मर्यादा पडली. सुक्या खोबऱ्याची वाटी तर तेलामुळें पेट घेईल म्हणून वर्ज्यच ठरली. ओटींत नारळ घालून लेकीची पाठवणी करणाऱ्या आपल्या समाजाला हें चमत्कारिक वाटेल. पण या नियमांमागें खरे अपघात आणि खरें भय उभें आहे, हें विसरून चालणार नाहीं.

सुरक्षेच्या रांगेविषयीं तर आमचें मत लोकमताहून थोडें निराळें आहे. त्या रांगेला सर्वजण कंटाळतात; आम्हांला ती पाहून त्र्यंबकेश्वरची दर्शनबारी आठवते. तेच कठडे, तीच नागमोडी वाट, तेंच पुढच्याच्या पाठीकडे पाहत पाऊल-पाऊल सरकणें. देवाच्या दारीं वहाणा काढाव्या लागतात. येथें कमरेचा पट्टा, घड्याळ आणि खिशांतील किल्ल्या तबकांत ठेवून उभें राहावें लागतें. मोठा व्यापारी असो कीं आखाती देशांत मजुरीला निघालेला सुतार असो, दोघेहि हात पसरून एकाच रीतीनें तपासले जातात. या बरोबरीला एक प्रकारची शोभा आहे. जास्त पैसे भरणाऱ्यांची निराळी रांग दोन्हीकडे असते, तेव्हां साम्य तेथेंहि सुटत नाहीं! भेद आहे तो शेवटीं. बारीच्या शेवटीं गाभारा असतो. क्षणभर कां होईना, ज्यासाठीं तिष्ठलों तें समोर येतें. सुरक्षेची रांग संपली कीं बहुतेक मोठ्या विमानतळांवर समोर येतात तीं अत्तराचीं आणि मद्याचीं दुकानें. उतारू पट्टा बांधतो न बांधतो तोंच त्याचें गिऱ्हाईक होऊन जातें. रांग वाईट नव्हे. रांगेच्या पलीकडे मनाला विसावा मिळेल असें कांहीं ठेवलें नाहीं, हें वाईट.

आतां एका विशिष्ट वास्तूकडे वळूं. मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळाचें दुसरें टर्मिनल २०१४ सालीं उघडलें. नाशिककरांना तें परिचित आहे. परदेशचीं विमानें बहुधा अपरात्रीं सुटतात. म्हणून संध्याकाळींच भाड्याची गाडी करून, कसाऱ्याचा घाट उतरून, पांच जणांनीं एका जणाला पोंचवावयास जाणें हा आपल्याकडे एक संस्कारच होऊन बसला आहे. स्किडमोर, ओविंग्ज आणि मेरिल या अमेरिकन वास्तुकारांच्या संस्थेनें ही वास्तु रचिली. तिचें मुख्य दालन ३० प्रचंड खांबांवर तोललेलें आहे. हे खांब वर जातां जातां फांकतात आणि छताच्या खणांत मिसळून जातात. त्या खणांत बसविलेल्या लहान लहान कांचांतून मोरपिसाचे रंग खालीं झिरपतात. जुन्या मंडपांची आणि चौकांची आठवण व्हावी हा रचनाकारांचा हेतु होता, आणि तो सफळ झाला आहे असें आम्ही निःशंकपणें म्हणतों. एवढें अवजड छप्पर हलकें दिसावें ही साधी सिद्धि नव्हे.

याहून महत्त्वाची गोष्ट ही, कीं निरोपाचा विचार या वास्तुकारांनीं केलेला आहे. तिकीट नसलेल्यास आंत जातां येत नाहीं, हा आपल्याकडील नियम त्यांना ठाऊक होता. म्हणून त्यांनीं छत रस्त्यावर पुढें ओढलें, पोंचवावयास आलेल्यांना उन्हापावसांतून आसरा दिला, आणि दर्शनी बाजूला सुमारें ५० फूट उंचीची कांचेची भिंत उभारली. ती अशासाठीं, कीं बाहेर थांबलेल्यांना आंत जाणारें आपलें माणूस दिसत राहावें. परदेशी वास्तुकारांना इतकें सुचावें हें कौतुकास्पद आहे. परंतु येथेंच आमचा मतभेद सुरू होतो. कांच दृष्टीला वाट देते, हाताला देत नाहीं. नाशिकरोडच्या फलाटावर फलाटाचें तिकीट काढून गाडीच्या खिडकीपर्यंत जातां येतें, गाडी हलेपर्यंत गजांतून हात धरतां येतो. येथें दारावर जवान तिकीट आणि ओळखपत्र ताडून पाहत असतो, मागच्याची ढकलगाडी टाचेला लागत असते, मोटार हलविण्याची घाई असते, आणि तेवढ्या गडबडींत आईच्या पायां पडावयाचें असतें! मग वडील माणसें कांचेपाशीं उभीं राहतात. आंतला मुलगा सामान वजनाला लावतांना एकदां मागें वळून हात हालवितो. त्याला आपण दिसलों कीं नाहीं, याचा निर्णय बाहेरच्यांना लागत नाहीं. उभें राहण्यास छत आहे, पाहण्यास कांच आहे. टेकण्यास ओसरी नाहीं.

आणि आंत काय आहे? ‘जय हे’ या नांवाचें कलासंग्रहालय. राजीव सेठी यांनीं त्याची योजना केली. सुमारें ३ किलोमीटर लांबीच्या भिंतीवर ५,००० हून अधिक वस्तु तेथें मांडल्या आहेत, आणि नाना प्रांतांच्या कारागिरांचा हात त्यांना लागलेला आहे. त्यांत जुने कोरीव दरवाजे आहेत, खिडक्या आहेत, झरोके आहेत. अशा वस्तूंचा जीर्णोद्धार होऊन त्यांना मानाची जागा मिळाली, याबद्दल योजकाचे आभारच मानले पाहिजेत. तथापि या संग्रहालयाचा बहुतेक भाग उतारूंच्याच वाटेवर आहे. ज्या दारांत एके काळीं माणसें एकमेकांचा निरोप घेत होतीं तीं दारें आंत, आणि निरोप देणारीं माणसें बाहेर! दार ही शोभेची वस्तु झाली. दाराचें काम मात्र तिच्याकडे राहिलें नाहीं.

कोणी म्हणेल, ही सारी भावविवशता आहे. एकेका उतारूबरोबर पांच-पांच माणसें आंत घेतलीं तर पहारा कसा व्हावा? आक्षेप खरा आहे. पण पहाऱ्याच्या पलीकडे जागा द्या असें आमचें मागणें नाहीं. पहाऱ्याच्या अलीकडे द्या असें आहे. सिंगापूरच्या चांगी विमानतळावर २०१९ सालीं ‘ज्युवेल’ नांवाची वास्तु उघडली. कांचेच्या घुमटाखालीं बाग आहे, मध्यें ४० मीटर उंचीवरून पाण्याचा लोट पडतो, आणि तेथें जावयास विमानाचें तिकीट लागत नाहीं. दुकानें तेथेंहि पुष्कळ आहेत, तें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु पोंचवावयास आलेली आजी नातवाजवळ तासभर बसूं शकते, आणि त्यामुळें पहाऱ्याला कांहीं बाध येत नाहीं.

जीर्णोद्धाराचें एक उदाहरण याहूनहि बोलकें आहे. न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर एरो सारिनेन यांनीं रचिलेलें टी. डब्ल्यू. ए. कंपनीचें टर्मिनल १९६२ सालीं उघडलें. सारिनेन आदल्याच वर्षीं वारले होते. पंख पसरलेल्या पक्ष्यासारखें त्याचें छप्पर जगभर नांवाजलें गेलें. पुढें विमानें मोठीं झालीं, उतारू वाढले, ती वास्तु अपुरी पडूं लागली, आणि २००१ सालीं ती बंद झाली. सुदैवानें ती पाडली गेली नाहीं. डागडुजी होऊन २०१९ सालीं ती हॉटेल म्हणून पुन्हा उघडली. मधली खोलगट बैठक, तांबडा गालिचा, फडफड करीत गांवांचीं नांवें बदलणारा जुना फलक, सारें पूर्वींच्यासारखें केलें आहे, आणि आज विमानाच्या तिकिटावांचून तेथें जाऊन बसतां येतें. यांतील विपरीतपणा वाचकांनीं पाहावा. तेथून विमानें सुटेनाशीं झालीं, देवडी उठली, तेव्हां कोठें ओसरी परत आली. आम्हांला ओसरी हवी आहे ती विमान सुटत असतांना.

शेवटीं घरचा प्रश्न. मुंबई-आग्रा रस्त्यावरील ओझर येथें १९६४ पासून हिंदुस्तान एअरोनॉटिक्सचा विमानांचा कारखाना आहे. उतारूंसाठीं तेथें २०१४ सालीं टर्मिनल झालें. २०१७ च्या डिसेंबरांत ‘उडान’ योजनेखालीं लहान विमानें निघालीं. पुढें दिल्ली, हैदराबाद अशा दूरच्या शहरांशींहि नाशिक जोडलें गेलें. २०२७ च्या सिंहस्थाच्या निमित्तानें येथें यात्रेकरूंची रीघ लागेल, आणि विमानतळ वाढविण्याच्या गोष्टी त्याच निमित्तानें बोलल्या जात आहेत. मुंबईचे खांब आणि सिंगापूरचा धबधबा आम्ही मागत नाहीं. पहाऱ्याच्या अलीकडे एक लांब, सावलीची ओसरी असावी, टेकावयास कट्टा असावा, पिण्याचें पाणी असावें, आणि जमल्यास नाशिकच्या तांबटांच्या हातचें एखादें घंगाळ शोभेला असावें. एवढ्यानें राज्याची तिजोरी रिकामी होणार नाहीं.

मराठी माणूस घरांतून निघतांना ‘जातों’ म्हणत नाहीं, ‘येतों’ म्हणतो. हा एक शब्द नीट उच्चारावयाला आणि नीट ऐकावयाला चार हात जागा व दोन क्षण सवड लागते. जी वास्तु एवढें देते ती साधी असली तरी आमच्या मतें थोर आहे. जी देत नाहीं ती कितीहि सुंदर असो, तिच्यांत एक खण बांधावयाचा राहून गेला आहे.