अंतेवासी : कोंडाण्याच्या शिलालेखातील एका शब्दाचा विचार

कर्जतहून कोंडिवडे गावी यावे आणि तेथून राजमाचीच्या पायथ्याचे रान चढून जावे, म्हणजे कोंडाण्याची लेणी लागतात. उल्हास नदीच्या खोऱ्यातील ही लेणी इ. स. पूर्व दुसऱ्या-पहिल्या शतकांच्या सुमाराची मानली जातात. पावसाळ्यात चैत्यगृहासमोर कड्यावरून पाण्याचा पडदा पडत असतो. या चैत्यगृहाच्या दर्शनी भागी, डाव्या हातास, एका भव्य मूर्तीचे मस्तक उरले आहे. चेहरा झिजून गेला आहे. शिरोभूषणाचे बारीक काम मात्र अद्याप डोळ्यांत भरते. तिच्या खांद्याजवळ ब्राह्मी लिपीत एकच ओळ आहे : ‘कण्हस अंतेवासिना बलकेन कतं’. म्हणजे, कण्हाचा अंतेवासी बलक याने केले.

भगवानलाल इंद्रजी व जेम्स बर्जेस यांनी पश्चिम भारतातील लेण्यांचे शिलालेख १८८१ साली प्रसिद्ध केले, त्यांत हा लेखही आहे. पुढे मराठीत लेण्यांची वर्णने झाली, त्यांत ‘अंतेवासी’ या शब्दाचे भाषांतर बहुधा ‘शिष्य’ असे होते. हे भाषांतर चूक नाही. परंतु ते अपुरे आहे, असे आमचे मत आहे. ‘शिष्य’ म्हटले की गुरूची आज्ञा आणि शिष्याचे नमन एवढेच चित्र आपल्या मनात उभे राहते. ‘अंतेवासी’ म्हणजे जवळ राहणारा. सहवास हा या शब्दाचा गाभा आहे.

बलक कोण होता, याविषयी दोन तर्क संभवतात. तो भिक्खू असेल किंवा शिल्पी असेल. लेखातील ‘कतं’ हे क्रियापद येथे विचारात घ्यावे लागते. कार्ल्यास वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल आपले शैलगृह जंबुद्वीपात उत्तम असल्याचे सांगतो. त्याच कार्ल्यात धेनुकाकटचा सामी नावाचा सुतार दाराचे काम आपण ‘केले’ असे नोंदवतो. पितळखोऱ्याच्या यक्षमूर्तीवर कण्हदास या सोनाराचे नाव आहे आणि तेथेही क्रियापद ‘करणे’ हेच आहे. या दाखल्यांवरून बलक हा हाताने काम करणारा असावा, याकडे आमचा कल आहे. स्मृतिग्रंथांत कारागिराकडे राहून कला शिकणाऱ्यासही ‘अंतेवासी’ म्हटले आहे. तथापि तो भिक्खू असला तरी आमच्या मुद्द्यास बाध येत नाही. छिन्नी शिकणारा आणि धम्म शिकणारा या दोघांनाही त्या काळी एकच शब्द लागू होता, ही गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते.

हा शब्द केवळ बौद्धांचा नव्हे. उपनिषदांतही तो येतो. मग वेगळेपण कशात आहे? ते विनयाने या नात्याला दिलेल्या आशयात आहे. आचार्याने अंतेवासीस पुत्राप्रमाणे आणि अंतेवासीने आचार्यास पित्याप्रमाणे मानावे, असे महावग्गात सांगितले आहे. अंतेवासीने आचार्याची सेवा करावी. आणि अंतेवासी आजारी पडला तर आचार्याने त्याची शुश्रूषा करावी. याहून पुढे जाऊन विनय सांगतो की, आचार्याच्या ठायी मिथ्यादृष्टी उत्पन्न झाली तर अंतेवासीने ती दूर करावी किंवा दुसऱ्याकडून दूर करवावी. समर्थ भिक्खूलाही पाच वर्षे आचार्याच्या आधाराने राहावे लागे. त्या आधाराला ‘निस्सय’ असे नाव आहे. स्वतः तथागतांनी आपणाजवळ ‘आचार्यमुष्टी’ नाही, म्हणजे मुठीत झाकून ठेवलेले असे काहीही ज्ञान नाही, असे आनंदास सांगितले. ज्या परंपरेत एकलव्याचा अंगठा दक्षिणा म्हणून मागितला गेला, तिच्याशी हे नाते ताडून पाहिले म्हणजे ‘शिष्य’ या भाषांतराने काय गमावले हे ध्यानी येते.

हा प्रश्न केवळ शब्दकोशाचा नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी भिक्खू चंद्रमणी यांच्याकडून दीक्षा घेतली आणि नंतर लाखोंना स्वतः दीक्षा दिली. अवघ्या आठ आठवड्यांत, ६ डिसेंबरला, त्यांचे महापरिनिर्वाण झाले. एवढ्या मोठ्या समाजाचा निस्सय असा अकाली सुटला. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी विचारलेला प्रश्न तेव्हापासून आपल्यासमोर आहे : बुद्धाने भिक्खू निर्माण केला तो स्वतःपुरता परिपूर्ण माणूस म्हणून, की समाजाचा सेवक म्हणून?

आपण गावोगावी विहार बांधले, ही अभिमानाची गोष्ट होय. परंतु ‘विहार’ म्हणजे मुळात निवासस्थान. कोंडाण्यास चैत्यगृहाला लागूनच विहार आहे, त्यात राहण्याच्या कोठड्या व निजण्याचे दगडी ओटे आहेत. स्तूपाला वंदन करण्याची जागा आणि शिकत राहण्याची जागा एकमेकींच्या शेजारी होत्या. आपल्या कित्येक विहारांचे कुलूप मात्र १४ एप्रिलला आणि वैशाख पौर्णिमेला निघते. त्रिशरण-पंचशील म्हटले जाते आणि दार पुन्हा बंद होते. तेथे वंदना होते, पण अंतेवासी घडत नाही. निदान वर्षावासाचे तीन महिने तरी रोज सायंकाळी एखाद्या जाणत्याने चार मुलांना घेऊन विहारात बसावे, शिकवावे आणि त्यांच्या शंकाही ऐकून घ्याव्यात, एवढी अपेक्षा फार मोठी नाही.

बलकाने आपल्या नावाआधी आपल्या आचार्याचे नाव कोरले. आपल्या विहारात शिकून गेलेला एखादा तरुण उद्या असेच कोणाचे तरी नाव कृतज्ञतेने सांगेल काय, याचा विचार प्रत्येक विहार समितीने करावा, असे आम्हांस वाटते.