लोकमताची गणिती प्रारूपे आणि पंचहौद मिशनचा चहा : एक चिकित्सा

परस्परविरोधी धारणांच्या संघर्षातून लोकमत कसे आकारास येते आणि आकारास आलेले लोकमत त्याच धारणांना उलट कसे वळण लावते, हा प्रश्न आता केवळ समाजशास्त्राच्या कक्षेत राहिलेला नाही. गेल्या काही दशकांत गणितज्ञ व भौतिकशास्त्रज्ञ यांनीही त्यासाठी प्रारूपे रचली आहेत. त्यांपैकी काही निवडक प्रारूपे १८९० च्या पुण्यातील एका सुपरिचित प्रकरणावर घासून पाहणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मॉरिस डीग्रूट यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या प्रारूपात प्रत्येक व्यक्ती इतरांच्या मतांना कमीअधिक वजन देऊन त्यांची सरासरी काढते आणि तेच आपले नवे मत मानते. सर्वजण प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे एकमेकांशी जोडलेले असतील, तर सामान्यतः अखेरीस एकमत होते. रायनर हेगसेलमन आणि उलरिश क्राउसे यांनी २००२ मध्ये तपासलेल्या प्रारूपात व्यक्ती आपल्या मताच्या जवळपासच्यांचेच ऐकते. ही ऐकण्याची मर्यादा अरुंद असेल तर समाज वेगवेगळ्या गटांत गोठतो. ही मांडणी फळ्यावर दहा मिनिटांत समजावून देता येते, आणि तिच्या लोकप्रियतेचे ते एक कारण असावे. परंतु दोन्हींच्या मुळाशी एकच गृहीतक आहे : मत म्हणजे एक संख्या, आणि मनात असलेली ती संख्या इतरांना जशीच्या तशी दिसते.

ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका समारंभासाठी शहरातील अनेक प्रतिष्ठित मंडळी जमली होती. न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक हे दोघेही त्यांत होते. पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे आली. काहींनी चहा घेतला, काहींनी केवळ शिष्टाचार म्हणून पेला हाती धरून खाली ठेवला, असे सांगितले जाते. पुढे गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात प्रसिद्ध करविली आणि एका संध्याकाळच्या चहाचे धर्मसंकट झाले. सनातनी मंडळींनी शंकराचार्यांकडे फिर्याद नेली, चौकशी झाली, बहिष्कार पडला. बहिष्काराची झळ मुख्यतः घरांना लागली : श्राद्धाला ब्राह्मण मिळेना, मुलीबाळींची लग्ने अडण्याची भीती उभी राहिली. १८९२ मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. ते स्वतःसाठी नव्हे, तर अडचणीत सापडलेल्या मित्रांखातर घेतले गेले, असे रमाबाई रानडे यांच्या आठवणींवरून दिसते. सुधारकांना मात्र ही माघार वाटली, आणि त्यांचे वाटणे अगदीच गैर होते असे म्हणवत नाही.

डीग्रूटच्या चौकटीत या प्रायश्चित्ताचा अर्थ एकच होतो : रानड्यांची संख्या सनातन्यांच्या संख्येकडे सरकली. परंतु सामाजिक परिषदेचे त्यांचे कार्य त्यानंतरही चालू राहिले. सरकले ते मत नव्हे, मताचे जाहीर रूप. पेला खाली ठेवणारा आणि रिता करणारा, दोघांचीही नावे एकाच यादीत आली, हेही येथे ध्यानात घ्यावे. खाजगी पसंती आणि जाहीर पसंती या दोन भिन्न राशी आहेत, असे तिमूर कुरान यांनी १९९५ मधील आपल्या ग्रंथात आग्रहाने मांडले. त्यात त्यांनी भारतीय जातिव्यवस्थेचाही विचार केला आहे. पंचहौद प्रकरणाला सरासरीच्या प्रारूपापेक्षा ही मांडणी कितीतरी अधिक लागू पडते.

मार्क ग्रॅनोव्हेटर यांचे १९७८ चे उंबरठ्याचे प्रारूपही येथे उपयोगी आहे. शंभर माणसांचे उंबरठे ०, १, २ असे ९९ पर्यंत असतील, तर पहिला पुढे सरसावताच एकामागून एक सारे शंभरजण सामील होतात. मात्र १ उंबरठ्याच्या माणसाचा उंबरठा २ झाला, तर पहिला एकटाच उरतो. लोकमताची बेरीज जवळजवळ तीच, फळ मात्र विपरीत. जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा पाहावी लागलेले आगरकर हे शून्य उंबरठ्याचे उदाहरण म्हणता येईल. पण त्यांच्या मागोमागचा माणूस पुण्यात होता काय? प्रस्तुत लेखकाचा या प्रारूपावरील आक्षेप वेगळाच आहे. त्यात उंबरठा हा व्यक्तीचा स्थिर गुण मानला आहे. येथे तो व्यक्तीचा नव्हता, कुटुंबाचा होता; आणि नावे छापून येताच तो एका दिवसात वर गेला. वृत्तपत्राने लोकमत केवळ कळविले नाही, तर सुधारणेची किंमतच वाढविली.

परतीचा मार्ग याहून सूक्ष्म आहे. एलिझाबेथ नोएल-नॉयमान यांनी १९७४ मध्ये वर्णिलेल्या मौनाच्या चक्रात अल्पमतात असल्याची भावना माणसाला गप्प करते आणि त्या गप्प राहण्याने ते मत आणखीच दुर्मीळ भासू लागते. घरातल्या मुलाला वडिलांचे मन दिसत नाही, त्यांचे प्रायश्चित्त दिसते. त्यावरूनच तो आपली धारणा बांधतो. जाहीर रूप अशा रीतीने पुढच्या पिढीचे खाजगी मत होऊन बसते. केवळ दृश्य वर्तन मोजणाऱ्या पद्धतीला हा टप्पा पकडता येत नाही, आणि समाजमाध्यमांवरील पसंतीच्या खुणा मोजून लोकमताचे निष्कर्ष काढणारे आजचे अनेक अभ्यास नेमके हेच करीत आहेत.

दोन राशींचे प्रारूप रचणे गणितदृष्ट्या अवघड नाही. अडचण आहे ती दुसऱ्या राशीच्या सामग्रीची. १८९२ च्या पुण्यातील वृत्तपत्रांवरून रानड्यांचे मत मांडू पाहणाऱ्यास एक आकडा मिळाला असता. तो दुरुस्त करू शकणाऱ्या रमाबाईंच्या आठवणी प्रसिद्ध झाल्या त्या १९१० मध्ये, रानड्यांच्या निधनानंतर नऊ वर्षांनी.