आंतरजालावरील ओवी : श्रेय, श्रोता आणि समाज
(‘पारी’च्या ‘जात्यावरच्या ओव्या’ या प्रकल्पाचे समीक्षण)

प्रस्तावना :
ओवी हा मराठी लोकसाहित्यातील स्त्रीनिर्मित गीतप्रकार होय. पहाटे दळण दळताना जात्याच्या घरघरीत ती गायिली गेली. तिला रंगमंच नव्हता, प्रेक्षक नव्हते; जात्याच्या खुंट्याला दुसरा हात लावणारी बाई हीच तिची श्रोती आणि सहगायिका होती. गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या, जाते मागे पडले आणि ओवीचा नित्याचा प्रसंगही सरला. आज हीच ओवी आंतरजालावर ऐकता येते. ना-नफा तत्त्वावरील सांस्कृतिक संस्था आंतरजालाद्वारे समाजाशी कसे नाते जोडतात, याचा विचार ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ अर्थात ‘पारी’च्या ओवी-प्रकल्पाच्या आधारे प्रस्तुत लेखात केला आहे.

पार्श्वभूमी :
या संग्रहाचे श्रेय हेमा राईरकर व गी पॉइतवाँ या अभ्यासकांकडे आणि त्यांच्यासोबत गावोगाव हिंडलेल्या कार्यकर्त्यांकडे जाते. महाराष्ट्रातील हजारांहून अधिक गावांतील तीन हजारांहून अधिक स्त्रियांकडून एक लाखांहून अधिक ओव्या त्यांनी जमविल्या. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात बर्नार्ड बेल यांच्या सहभागाने ध्वनिमुद्रण आणि संगणकीय नोंदणीला गती मिळाली. पॉइतवाँ यांचे २००४ मध्ये व राईरकर यांचे २०१० मध्ये निधन झाले. पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या ‘पारी’वर मार्च २०१७ पासून या ओव्या क्रमाने प्रसिद्ध होऊ लागल्या.

नाव आणि आवाज :
साने गुरुजींच्या ‘स्त्रीजीवन’सारख्या छापील संग्रहांनी ओवीचे मोल वाचकांना पटवून दिले, परंतु अशा संग्रहांत ओवी सहसा विषयवार येते आणि गाणारी स्त्री ‘लोक’ या शब्दाआड राहते. ‘पारी’वर मात्र ओवीसोबत गायिकेचे नाव, गाव, तालुका, जात व व्यवसाय नोंदविलेला आढळतो. या नोंदीमुळे अर्थनिर्णयाची दिशाच बदलते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवरील ओवी दलित स्त्रीच्या नावासह समोर येते, तेव्हा ती सर्वसाधारण भक्तिगीत राहत नाही. ती एका समूहाच्या आत्मभानाचे साधन ठरते.

दुसरा विशेष आवाजाचा. लिखित संहितेत ओवी दोन ओळींत आटोपशीर बसते. गाताना मात्र ओळ मोडते, पुन्हा उचलली जाते, मध्ये ‘गं’, ‘बाई’ असे शब्द येतात. संहिता व ध्वनी शेजारी ठेवल्यामुळे छापील ओवीत काय गळून पडते, हे वाचकाला कानांनी उमगते. मराठीसह अन्य भाषांतील अनुवादांमुळे हा श्रोतृवर्ग महाराष्ट्राबाहेरही विस्तारला आहे.

मर्यादा आणि पेच :
तथापि याच गुणांतून एक पेचही उद्भवतो. सासुरवासाची व्यथा, नवऱ्याविषयीची तक्रार, माहेरची ओढ हे सारे जात्यापाशीच बोलता येत होते, कारण ते ‘ओवीत’ बोललेले असे. अनामिकता ही जशी उपेक्षा होती, तसेच ते कवचही होते. नाव व गाव लिहिल्याने श्रेय मिळते. त्याबरोबर ते कवच गळून पडते. अंगणात ध्वनिमुद्रण यंत्रासमोर गाणाऱ्या स्त्रीला समोरचे चार चेहरे दिसत होते. जगभरचा श्रोता नव्हे. त्यामुळे एकदा मिळालेली संमती सर्वकाळासाठी पुरेशी मानता येत नाही. ‘पारी’च्या चमूने काही गायिकांची वा त्यांच्या कुटुंबीयांची पुन्हा भेट घेतली, त्यांचे नव्याने चित्रण केले, ही कृती म्हणूनच केवळ पूरक न मानता प्रकल्पाचा नैतिक गाभा मानावी लागते.

दुसरी मर्यादा सहभागाची आहे. जात्यावर एकीची ओवी संपते तोच दुसरी आपली ओवी जोडते. संकेतस्थळावरील वाचक मात्र प्रामुख्याने ऐकणाराच राहतो. त्याची दाद मोजता येते. परंतु दाद म्हणजे सहगान नव्हे. दूरच्या वाचकाइतकीच ती ओवी गायिकेच्या नातीपर्यंत पोहोचली का, हा प्रश्न दर्शकसंख्येतून सुटत नाही.

निष्कर्ष :
१) नामनिर्देशामुळे ओवीचे कर्तृत्व ‘लोका’कडून व्यक्तीकडे आले, हे या प्रकल्पाचे सर्वांत मोठे योगदान होय.
२) खासगी अनुभव जाहीर होत असताना गायिकेशी संवाद चालू ठेवणे ही संस्थेची जबाबदारी ठरते.
३) समाजाचा सहभाग श्रोत्यांच्या संख्येवरून न ठरविता ओवी तिच्या गावी किती परतली यावरून ठरवावा.

समारोप :
ग्रामीण महाविद्यालये व शाळा यांनी आपल्या परिसरातील ओव्या गायिकांच्या कुटुंबांसमवेत सामूहिकरीत्या ऐकण्याचा उपक्रम हाती घेतल्यास हे अंतर काही अंशी कमी होऊ शकेल. संग्रह ओवीला नाश पावण्यापासून वाचवितो. तिला पुन्हा दुसरा आवाज मिळवून देणे हे मात्र समाजाचेच काम आहे.