शर्यतीचे मैदान आणि कुंभकोणम् : रहस्यपटातील वेषांतराचा विचार

गुप्तहेराची कथा आणि तिच्यावरून निघालेले बोलपट यांचा विचार आपल्याकडे बहुधा दोनच अंगांनी झालेला आहे. एक तर ते रंजनप्रधान म्हणून वर्ज्य मानावयाचे, किंवा लोकरुचीचा एक नमुना म्हणून त्यांची समाजशास्त्रीय नोंद करावयाची. दोन्ही भूमिकांत कृतीकडे कृती म्हणून पाहण्याचे राहून जाते. वस्तुतः रहस्यकथा ही अत्यंत कठोर बंधने पाळणारी रचना आहे. आणि जेथे बंधने कठोर असतात तेथे त्यांचा भंग कोठे व का झाला, हे पाहणे उद्बोधक ठरते. प्रस्तुत लेखात या रचनेतील एकाच घटकाचा, म्हणजे वेषांतराचा, विचार करावयाचा आहे. त्यासाठी दोन परस्परांपासून दूरचे नमुने मी घेतले आहेत. एक, घोड्यांच्या शर्यतीच्या पार्श्वभूमीवरील 'चार्ली चॅन ॲट द रेस ट्रॅक' हा १९३६ चा अमेरिकन बोलपट. दुसरा, कुंभकोणम् नगरीतील एका वकिलाच्या कथेवर आधारलेला 'दिगंबर सामियार' हा १९५० चा तमिळ बोलपट.

१

शर्यतीचे मैदान रहस्यकथेला इतके मानवले याचे कारण उघड आहे. तेथे पैसा, प्रतिष्ठा आणि घराण्याचा अभिमान एका ठिकाणी एकवटतात, आणि ठरलेल्या वेळी, ठरलेल्या रेषेवर त्यांचा निर्णय लागतो. कथेला लागणारे काळाचे बंधन तेथे आयतेच लाभते. पण याहूनही महत्त्वाचे कारण म्हणजे प्रत्यक्ष घोडा. तो सर्वांच्या डोळ्यांसमोर असतो, साऱ्या व्यवहाराचे केंद्र असतो, आणि तरीही साक्ष देऊ शकत नाही. जे मुके आहे त्याच्याकडून सत्य वदवून घेणे, हेच तर गुप्तहेराचे काम.

या प्रकाराची मूळ प्रतिमा कॉनन डॉइलच्या 'सिल्व्हर ब्लेझ' (१८९२) या कथेत सापडते. तेथे घोड्याला शिकविणारा मनुष्य माळावर मृतावस्थेत आढळतो, घोडा नाहीसा झालेला असतो आणि खुनाचा संशय एका माणसावर येतो. शेवटी उलगडते ते असे की, घोड्याला लंगडा करावयास निघालेला हा इसम त्या घोड्याच्याच लाथेने मेला. १९३६ च्या बोलपटाने याच मांडणीला नेमके उलटे केले आहे. येथे जहाजावरील घोड्याच्या ठाणात एक वृद्ध अश्वप्रेमी मेजर मरून पडलेला दिसतो आणि सर्वजण घोड्याने लाथ मारली असे धरून चालतात. चॅन मात्र रक्ताचे डाग पाहून हे मानण्यास नकार देतो. पहिल्या कथेत माणसावरचा आळ घोड्यावर जातो. दुसऱ्या कथेत घोड्यावरचा आळ माणसावर येतो. या उलथापालथीत केवळ पटकथाकाराची चतुराई आहे असे समजणे चुकीचे होईल. डॉइलच्या कथेत निसर्गाने स्वतःचे रक्षण केले आहे आणि न्याय तेवढ्यात पुरा झाला आहे. १९३६ च्या बोलपटातील जगात निसर्ग निरपराध असून त्याच्या नावावर माणूस आपला अपराध खपवितो. दोन्ही कृतींमधील चव्वेचाळीस वर्षांचे अंतर या एका फरकात जाणवते.

दोन्हींत एक गोष्ट मात्र समान आहे, आणि ती आपल्या विषयाच्या दृष्टीने मोलाची आहे. दोन्हीकडे घोड्याचेच वेषांतर होते. डॉइलच्या कथेत घोड्याच्या कपाळावरील पांढरा पट्टा रंगाखाली झाकला जातो. बोलपटात एकसारख्या दिसणाऱ्या दोन घोड्यांची अदलाबदल होते. वेष बदलणारा येथे हेर नसून पुरावाच आहे. हेराने आपल्या जागी राहावयाचे आणि बदललेल्या वस्तूला तिचे खरे रूप परत द्यावयाचे, अशी ही रचना आहे. तर्काला तिच्यात अग्रस्थान मिळते ते यामुळेच.

परंतु येथे एक विसंगती नजरेआड करता येत नाही. चिनी वंशाच्या चॅनची भूमिका करणारा वॉर्नर ओलंड हा जन्माने स्वीडिश होता. त्याच्या मुलाची भूमिका करणारा के ल्यूक मात्र खरोखरच चिनी वंशाचा. म्हणजे बदललेला घोडा ओळखण्याचे शिक्षण जो बोलपट प्रेक्षकाला देतो, तोच बोलपट शेजारी उभ्या असलेल्या बदललेल्या माणसाकडे मात्र लक्ष देऊ नये अशी अपेक्षा करतो. रहस्यपटाची सारी नीती 'जे दिसते ते तपासून पाहा' या एका आज्ञेवर उभी असते. ती आज्ञा स्वतः निर्मात्यांनीच मोडलेली आहे, आणि हा दोष केवळ सामाजिक नव्हे, कलात्मकही आहे.

शर्यतीच्या संदर्भात आणखी एक मुद्दा येतो. घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ की दैवाचा? तमिळनाडूच्या विधिमंडळाने १९७४ साली शर्यती व त्यांवरील पैजा बंद करण्याचा कायदा केला, तेव्हा हा प्रश्न न्यायालयात गेला. आणि १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा मुख्यत्वे कौशल्याचा खेळ आहे असा निर्णय दिला. हाच प्रश्न रहस्यकथेलाही विचारता येतो. गुन्हेगार तर्काने सापडला की योगायोगाने? शर्यतीच्या मैदानावरील रहस्यपट आपला निकाल तर्काच्या बाजूने लावू पाहतात. त्यांच्या यशापयशाची कसोटीही त्यामुळे तीच राहते.

२

आता कुंभकोणम्‌कडे वळू. हे नाव मराठी वाचकाला परके असण्याचे कारण नाही. तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यातील हे कावेरीकाठचे क्षेत्र. दर बारा वर्षांनी भरणाऱ्या महामहम् पर्वासाठी ते प्रसिद्ध आहे. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव हे १८२८ साली येथेच एका मराठी भाषिक घराण्यात जन्मले. देवळे, मठ, विद्या आणि इंग्रजी अमदानीतील कचेऱ्या यांनी घडलेल्या या नगरीत वकील हा प्रतिष्ठेचा पुरुष असावा, हे स्वाभाविकच होते.

वडुवूर के. दुरैस्वामी अय्यंगार (१८८०–१९४२) या तमिळ कादंबरीकाराने नेमक्या या प्रतिष्ठेवर बोट ठेवले. त्यांच्या 'कुंभकोणम् वकील' या कादंबरीत खलपुरुष आहे तो कायद्याचा जाणकार वकीलच. दुरैस्वामी अय्यंगारांच्या लेखनावर इंग्रज कादंबरीकार रेनॉल्ड्झ याची छाया आहे. मराठी वाचकाला येथे गोविंद नारायणशास्त्री दातार (१८७३–१९४१) यांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. त्यांनीही रेनॉल्ड्झला मराठी वेष चढविला. एकाच परकीय लेखकाने कावेरीकाठी आणि कृष्णाकाठी जवळजवळ एकाच काळी बीज टाकावे, आणि दोन्हीकडे वेगळी रोपे यावीत, हा विषय तौलनिक अभ्यासाला अद्याप मोकळा आहे.

या कादंबरीवरून सेलमच्या मॉडर्न थिएटर्सने 'दिगंबर सामियार' काढला. दिग्दर्शन टी. आर. सुंदरम् यांचे. दुष्ट वकील सट्टनाथन् याची भूमिका एम. जी. चक्रपाणी यांनी केली, आणि हेराची एम. एन. नंबियार यांनी. नंबियारांनी या एका बोलपटात अकरा वेष घेतले, असे त्याचे वैशिष्ट्य सांगितले जाते. त्याच वर्षी, त्याच संस्थेच्या 'मंतिरी कुमारी'त ते राजगुरूच्या दुष्ट भूमिकेत होते, आणि पुढची कित्येक दशके तमिळ प्रेक्षकाने त्यांना खलनायक म्हणूनच ओळखले. सत्याचा शोध घेणारा आणि सत्य दडविणारा यांना चेहरा एकच पुरावा, हा योग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

'सामियार' म्हणजे संन्यासी. दिगंबर म्हणजे दिशा हेच ज्याचे वस्त्र तो. ज्याच्या नावातच आवरणाचा त्याग आहे त्याने अकरा आवरणे घ्यावीत, आणि तीही दुसऱ्याचे एक आवरण दूर करण्यासाठी! नावातील हा विरोध लेखकाला कितपत अभिप्रेत होता याची चर्चा निष्फळ आहे. कृतीत तो आहे, आणि कृतीचा अर्थ त्याच्याभोवती फिरतो. शर्यतीच्या बोलपटात पुरावा वेष बदलतो आणि हेर स्थिर राहतो. येथे हेर वेष बदलतो, आणि खल मात्र पहिल्यापासून जसाच्या तसा, प्रतिष्ठेच्या पोशाखात, सर्वांसमोर उभा असतो. 'कोण?' हा प्रश्न येथे उरतच नाही. 'कसा सापडणार?' एवढाच प्रश्न उरतो.

३

पाश्चात्त्य रहस्यकथेच्या मापाने या बोलपटाला कच्चा ठरविणे फार सोपे आहे. अनुमानाची साखळी येथे विरळ आहे. वेषांतर हे पुष्कळदा नटाच्या कौशल्याचे प्रदर्शन होऊन बसते. एकदा का नवा वेष कोणता येणार याचीच उत्सुकता लागली की कथेतील संकटाची धार बोथट होते. ज्या मुलीच्या अपहरणाने कथा हलते, तिच्याविषयीची काळजी मागे पडते आणि टाळी मात्र रंगभूषेला मिळते. हा दोष मी लहान मानत नाही. लोकनाट्यातील बहुरूप्याची परंपरा हे त्याचे कारण म्हणून सांगता येईल, पण कारण सांगणे म्हणजे समर्थन करणे नव्हे. बहुरूपी स्वतःच्या कलेसाठी वेष घेतो. हेराने तो दुसऱ्याच्या न्यायासाठी घ्यावयाचा असतो. हे भान जेथे सुटते तेथे बोलपटही सुटतो.

तथापि हे मान्य करूनही एक प्रश्न उरतो, आणि माझ्या मते या बोलपटाचे खरे महत्त्व त्यातच आहे. चॅन हा होनोलूलूच्या पोलीस खात्याचा अंमलदार. शर्यतीला नियम आहेत, नियमांमागे कायदा आहे, आणि हेर त्या कायद्याचाच हात आहे. अपराध्याने व्यवस्थेला बाहेरून तडा दिला, तो हेराने बुजविला, की जग पूर्ववत होते. कुंभकोणम्‌च्या कथेत तडा आतून गेलेला आहे. ज्याच्या हाती कायद्याची भाषा आहे, त्याचेच हात मळलेले आहेत. अशा वेळी कायद्याच्या आत राहून शोध कोण घेणार? कथेने दिलेले उत्तर असे की, ज्याला घर नाही, पद नाही, अशील नाही, असा कोणी तरी. संन्यासी हेर हा चमत्कार नव्हे. परिस्थितीतून निघालेला तो तर्कशुद्ध निष्कर्ष आहे. ज्याचा समाजात काहीही वाटा नाही, तोच समाजाचा हिशेब तपासू शकतो.

मराठीतही या उत्तराची आवृत्ती आढळते, पण ती वेगळ्या रंगाची आहे. हजाराहून अधिक पुस्तके लिहिणाऱ्या बाबुराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड हे नायकही कायद्याच्या बाहेर उभे राहून दुष्टांचे पारिपत्य करतात. परंतु त्यांच्या मागे साहसाची हौस आणि शहरी ऐट आहे. संन्याशाच्या निःसंगतेची जागा तेथे बंडखोराच्या रुबाबाने घेतली आहे. मुंबईचा वाचक कायद्याला चकवणाऱ्यावर खूश होतो; कुंभकोणम्‌चा वाचक कायद्याच्याही वर असलेल्या कोणाची तरी वाट पाहतो. दोन्ही वृत्तींच्या मुळाशी एकच अविश्वास आहे.

तो अविश्वास १९५० या सालाशी ताडून पाहावा. २६ जानेवारीला संविधान अंमलात आले, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पडद्यावर कुंभकोणम्‌चा वकील गुन्हेगार म्हणून उभा राहिला. कादंबरी त्याच्या कितीतरी आधीची, तेव्हा यात हेतुपुरस्सर भाष्य शोधणे अतिरेकाचे होईल. पण कलाकृतीचा अर्थ ती ज्या काळात पाहिली जाते त्या काळाशीही बांधलेला असतो. नव्या कायद्याच्या राज्यात, कायदा जाणणारा मनुष्य न्यायी असेलच असे नाही, ही जुनी शंका त्या प्रेक्षकाने बरोबर आणली होती, आणि बोलपटाने ती शंका फेटाळली नाही.

तात्पर्य, शर्यतीच्या मैदानावरील रहस्यपट आपल्याला वस्तू तपासावयास शिकवितो. कुंभकोणम्‌चा रहस्यपट प्रतिष्ठा तपासावयास शिकवितो. पहिल्याची रचना अधिक रेखीव आहे, यात शंका नाही. दुसऱ्याची रचना सैल आहे, पण त्याचा प्रश्न अधिक खोल आहे. रेखीव रचनेत असा खोल प्रश्न मावेल, अशी कृती आपल्या भाषांतून निर्माण व्हावयाची असेल, तर या दोन्ही परंपरांकडे समीक्षकाने प्रथम गंभीरपणे पाहिले पाहिजे. त्यांची अवहेलना करून आपली अभिरुची सिद्ध होत नाही. आपण काय तपासावयाचे टाळतो आहोत, एवढेच तिच्यातून उघड होते.